हरलेल्यांनी पुसायचं

मित्रांनो, मी एक मॉप. जुना आहे हे वेगळं सांगायला नको. माझ्या दांड्याला दोन ठिकाणी चिकटपट्टी गुंडाळली आहे आणि खालची पट्टी एका अंगाला कलली आहे. तुमच्या घरी बादलीत बुचकळायचा झुपकेदार मॉप असतो ना, तो मी नव्हे. मी रुंद आहे, चांगला दोन हात. माझा जन्मच मुळी बास्केटबॉलच्या मैदानासाठी झाला. लाकडी मैदानावर खेळाडू पडला, त्याच्या घामाचा डाग उठला, की एका फेरीत तो उचलून घ्यायचा, एवढंच माझं काम. सगळं आयुष्य दुसऱ्यांचा घाम टिपण्यात गेलं आणि आता मी थकलो आहे. थकलेल्याला बोलायला फार आवडतं, तेव्हा वेळ असेल तर बसा जरा.

मी एका लहानशा कारखान्यात तयार झालो. दांडा एका खोलीत, पट्टी दुसऱ्या खोलीत आणि कापड माडीवर, शिलाई मशीनवर. माझं कापड शिवलं ते एका सासू-सुनेच्या जोडीने. सून नवी होती, लांब लांब टाके घालत होती. सासूने कापड उलटं करून पाहिलं आणि म्हणाली, "अगं, टाके जवळ घाल. हे घासलं जाणार आहे, मिरवायला नाही जाणार." सुनेने सगळे टाके उसवले आणि पुन्हा घातले. त्या टाक्यांवर मी इतकी वर्षं काढली आहेत. त्या बाईचा मी आजही ऋणी आहे.

तिथून मी थेट मोठ्या स्टेडियममध्ये गेलो. काय दिवस होते ते! वर दिव्यांचा लखलखाट, चहूबाजूंनी माणसंच माणसं आणि मध्ये ते गुळगुळीत मैदान. मला चालवायला एक मावशी होत्या. पायात कॅनव्हासचे बूट, केस घट्ट बांधलेले, नजर सतत जमिनीवर. खेळाडू पडला की पंचांची शिट्टी व्हायची आणि मावशी मला घेऊन धावत सुटायच्या. गेलो, पुसलं, परत आलो. लोक अजून "अरेरे" म्हणत असायचे तोवर आम्ही जागेवर. एकदा टीव्हीवर समालोचन करणारा म्हणाला, "या बाईंचा हात बघा!" आणि मोठ्या पडद्यावर मावशी दिसल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझं नाव कोणी घेतलं नाही. पण त्या टाळ्यांत माझाही वाटा होता असं मी धरून चालतो. तुम्हीही धरा, तुमचं काय जातं?

मग व्हायचं तेच झालं. नवे मॉप आले, हलके, रंगीत, वर कंपनीचं नाव छापलेले. माझी रवानगी सरावाच्या हॉलमध्ये झाली. मावशींचे गुडघे दुखायला लागले होते, म्हणून त्यांचीही बदली तिथेच झाली. आम्ही दोघं एकदमच उतरणीला लागलो म्हणा ना. सरावाच्या हॉलमध्ये दिवे निम्मेच लागतात. खिडक्या उंचावर आहेत आणि त्या कधी धुतल्याचं मला आठवत नाही. माझी जागा बाजूच्या रेषेपलीकडे, भिंतीला टेकून. शेजारी हवा गेलेला एक चेंडू आणि पाय मोडलेली एक खुर्ची. सुरुवातीला मी फार कुढलो. मग कुढण्याचाही कंटाळा आला.

मित्रांनो, आता मुद्द्याचं सांगतो. दर वर्षी मोसम सुरू व्हायच्या आधी पंधरा दिवस असे येतात, की सराव असतो आणि नसतोही. लीगचा नियम असा, की ठरलेल्या तारखेच्या आत कोचने मैदानात पाऊल टाकायचं नाही. पंच नाही, शिट्टी नाही, पायाला बर्फ लावणारे फिजिओ नाहीत. हॉलची माणसं रजेवर जातात, मावशीसुद्धा. खेळाडू मात्र आपणहून येतात. हे काही गल्लीतले हौशी नव्हेत बरं का, खेळणं हीच त्यांची नोकरी. पण त्या पंधरवड्यात त्यांना बघावं. कोणाचा टी-शर्ट उसवलेला, कोणाचे मोजे वेगवेगळ्या रंगांचे. सुट्टीत पोटं सुटलेली. दोन चकरा मारल्या की कमरेवर हात ठेवून लोहाराच्या भात्यासारखे धापा टाकतात. बघायला कोणी नसतं, त्यामुळे माणसं जशी आहेत तशी दिसतात. मोसमात टीव्हीवर दिसतात ते हेच, पण इस्त्री केलेले.

या पंधरवड्यासाठी त्यांनी आपले आपण तीन नियम करून ठेवले आहेत. कुठे लिहिलेले नाहीत, पण मोडायची कोणाची छाती नाही. एक, अकरा बास्केट आधी करेल तो संघ जिंकला. दोन, पंच नसल्यामुळे ज्याचा हात, ज्याचा पाय, त्याचाच शब्द. 'माझा पाय रेषेला लागला नाही' असं तो म्हणाला, की लागला नाही, विषय संपला. आणि तिसरा नियम माझ्यासंबंधी. मावशी नसतात, मग मैदान कोणी पुसायचं? हरलेल्यांनी.

त्यामुळे झालं असं, की मला हातात घेणं म्हणजेच हरल्याचं कबूल करणं. सामना संपला की हरलेले तोंड पाडून माझ्याकडे यायचे आणि जिंकलेले पाण्याच्या बाटल्या तोंडाला लावून फिदीफिदी हसायचे. "नीट पुस रे, कोपरा राहिला!" एरवी ज्यांच्या सह्या घ्यायला रांगा लागतात, ते मला ढकलत मैदानभर फिरायचे. माझी काही तक्रार नव्हती. त्यांच्या हातांवरून मला एकेकाचा स्वभाव कळायचा. त्यांच्यातला सगळ्यात उंच, ज्याला सगळे लंबू म्हणतात, त्याच्या हातात मी चमच्याएवढा दिसायचो. तो मैदानाचा मध्यभाग तेवढा पुसून मोकळा व्हायचा. दुसरा एक जण फक्त बाकीचे बघत असतील तिथेच पुसायचा.

दादाचा हात मात्र निराळा. दादा म्हणजे संघातला सर्वांत जुना खेळाडू, पस्तिशीला टेकलेला. उजव्या गुडघ्याची दोन ऑपरेशनं झालेली. बेंचवर बसताना तो आधी हाताने गुडघा सावरतो, मग बसतो. कोणाचं लक्ष नसलं तर तोंडाने 'आई गं' म्हणतो. पण मैदान पुसायचा ते एका रेषेत, पट्ट्याला पट्टा लावून, जसं मावशी पुसतात तसं.

त्या वर्षी एक नवा मुलगा आला होता. वय बावीस. त्याचं नाव सगळ्यांना माहीत होतं, पण हाक मारायचे 'नवा' म्हणूनच. नवा आणि दादा दोघांचीही जागा एकच, चेंडू पुढे घेऊन जायची. संघात त्या जागेसाठी एकाच माणसाला घ्यायचं होतं. नवा चाचणीवर होता, मोसम सुरू झाला की कोच दोघांतला एक निवडणार होते. हे दोघांना माहीत होतं, बाकीच्यांना माहीत होतं आणि मलाही माहीत होतं, कारण लंबूला कुजबुजताच येत नाही. "दादाचं हे शेवटचं वर्ष रे," तो पाणी पिताना म्हणायचा, "नव्याने फाडलं ना याला!"

आणि तरी त्या दोघांचं वाकडं नव्हतं. पहिल्याच दिवशी नव्याचा संघ हरला आणि मी त्याच्या हाती आलो. तो मला मागे-पुढे, मागे-पुढे घासायला लागला. दादा बेंचवरून उठला.

"अरे, मागे-पुढे नको. ढकलत ने, टोकाला वळव, ढकलतच परत आण. घाम उचलायचा आहे, सगळीकडे सारवायचा नाही."

"सॉरी हां, दादा."

"सॉरी काय त्यात? मलाही कोणीतरी शिकवलंच होतं."

नव्याने मग तसंच पुसलं. हात चांगला होता पोराचा.

दिवस जात होते. नवा रोज वेगवान होत चालला होता आणि दादाला बेंचवरून उठायला रोज थोडा जास्त वेळ लागत होता. चेंडू हातात असला की दादा अजून राजा. कुठे द्यायचा, कधी थांबायचं, सगळं बरोबर. पण नवा समोर आला की दादाला वळसा घालून निघून जायचा. तेव्हा दादाच्या चेहऱ्याकडे मला बघवायचं नाही. सोळाव्या वर्षापासून त्याने दुसरं काही केलेलं नव्हतं. मी जुनी वस्तू आहे, बाजूला टाकलं जाणं म्हणजे काय ते मला कोणी समजावून सांगायला नको.

शेवटच्या दिवसाची गोष्ट. दुसऱ्या दिवशी कोच येणार होते. उन्हं खिडक्यांतून तिरपी आत आली होती, सगळे दमून गेले होते, पण एक सामना आणखी खेळूया असं ठरलं. एका बाजूला दादा आणि लंबू, दुसऱ्या बाजूला नवा. दादाचा संघ त्या दिवशी आधीचे तिन्ही सामने हरला होता आणि तिन्ही वेळा दादानेच पुसलं होतं. या सामन्यात दहा-दहा झाले. आता जो बास्केट करेल तो जिंकला.

दादाच्या हातून चेंडू निसटला आणि उसळ्या घेत बाजूच्या रेषेकडे, म्हणजे माझ्याकडेच आला. दादा त्याच्यामागे झेपावला. त्याने चेंडू गाठला, वळून लंबूकडे फेकला आणि तोल जाऊन पोटावर आडवा घसरत गेला. लंबूने बास्केट केली. अकरा!

"आउट!" नवा ओरडला. तो दादाच्या मागोमागच आला होता. "दादा, पाय रेषेवर होता तुमचा."

सगळे थांबले. नियम तुम्हाला सांगितलाच आहे, ज्याचा पाय त्याचा शब्द. दादा उठून बसला. त्याने बुटाकडे पाहिलं, रेषेकडे पाहिलं.

"नव्हता," तो म्हणाला.

मित्रांनो, मी तिथे तीन पावलांवर उभा होतो. पाय रेषेवर होता. चांगला दोन बोटं होता. दादालाही ते ठाऊक होतं. पंधरा वर्षांत मी त्याला असा शब्द फिरवताना पाहिलेलं नव्हतं.

नियमाने विषय तिथेच संपायचा, पण त्या दिवशी पहिल्यांदाच बाचाबाची सुरू झाली. दादाचे सोबती म्हणाले, "चला, पुसा आता." नव्याकडचे म्हणाले, "हरलोच नाही तर पुसायचं कशाला? तुम्ही पुसा." "जिंकलेल्यांनी पुसायचं? शहाणाच आहेस!" लंबू मध्ये पडला. शेवटी ठरलं, तीन बास्केटचा आणखी एक सामना खेळायचा. जो हरेल त्याने दोन्ही वेळचं एकदम पुसायचं. आधी निकाल, मग पुसणं.

आणि दादा घसरला होता तिथे, रेषेच्या आत, कोपऱ्यापाशी, त्याच्या घामाचा हा एवढा थोरला डाग पडलेला. उन्हात चमकत होता.

दादा माझ्याजवळ आला. गुडघा दुखत होता, म्हणून त्याने मला हातात घेतलं आणि माझ्या दांड्यावर भार टाकून उभा राहिला. त्याला दम लागला होता. तो त्या डागाकडे बघत होता. मला वाटलं, आता नेईल. तीन पावलं, एक फेरी, संपलं काम. मी मनातल्या मनात म्हणत होतो, चल ना बाबा, मी आहे ना हातात. पण सगळ्यांचे डोळे त्याच्यावर होते. त्याने मला ढकललं असतं, तर पाय रेषेवर होता हे सगळ्यांना कळलं असतं. त्याने मला पुन्हा भिंतीला टेकवलं आणि तो खेळायला गेला.

एक-एक झालं होतं. नवा चेंडू घेऊन सुसाट निघाला, दादाला हुलकावणी दिली, कोपऱ्याकडे वळला आणि त्याचा पाय त्या डागावर पडला. पाय पुढे गेला, गुडघा मागे राहिला. तो आवाज मी सांगणार नाही. तुम्ही लहान आहात.

चेंडू आपला टप्पे खात भिंतीपर्यंत गेला आणि थांबला. फिजिओ नाहीत, डॉक्टर नाही. कोणीतरी बर्फ शोधायला धावलं आणि रिकाम्या हाताने परत आलं. नव्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो रडला नाही. त्याने हाताने जमीन चाचपली, तळवा ओला झालेला पाहिला आणि म्हणाला, "कोणी पुसलंच नाही?"

लंबूने त्याला लहान मुलासारखं उचललं आणि गाडीकडे नेलं. बाकीचे मागोमाग गेले. दादा एकटा राहिला. मग त्याने मला घेतलं आणि तो डाग पुसला. एकदा पुसला, पुन्हा पुसला. कोरडी जमीन तो पुसत बसला होता. एवढ्या जोराने मला आयुष्यात कोणी दाबलं नव्हतं. त्या दिवशीच माझी पट्टी कलली.

दुसऱ्या दिवशी कोच आले. "कसं झालं?" त्यांनी विचारलं. "घसरला," सगळे म्हणाले. खोटं नव्हतं ते. जागा दादाला मिळाली. निवडायला दुसरं कोणी उरलंच नव्हतं.

मोसम सुरू झाला. मावशी रजेवरून परतल्या आणि पाहतात तर काय, सराव संपला की दादा स्वतः मला घेऊन मैदान पुसतोय. हरला तरी, जिंकला तरी. मावशींनी दोनदा मला त्याच्या हातातून ओढून घेतलं. तिसऱ्यांदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

दोन महिन्यांनी नवा आला. दोन्ही काखांत कुबड्या, सोबत त्याची ताई. चाचणीची मुदत संपली होती आणि संघाने त्याला ठेवलं नव्हतं. कपाटातले बूट आणि टॉवेल न्यायला तो आला होता. सराव उरकून सगळे गेले होते, दादा पुसत होता.

"हे काय, तुम्ही पुसताय?" ताई म्हणाली. "पुसायला कोणी नाही का?"

"आहे की," मावशी दारातून म्हणाल्या. "मी नको म्हणते, ऐकतात कुठे! तुम्ही या इकडे, त्याच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे."

दोघी आत गेल्या. नवा बेंचवर बसला, हाताने गुडघा सावरून, अगदी दादा बसतो तसा. दादा मला धरून त्याच्यापुढे उभा राहिला. त्याच्या हाताला घाम सुटला होता, माझा दांडा ओला झाला.

"पाय रेषेवर होता माझा," दादा म्हणाला.

"माहीत आहे मला. मी समोरच होतो."

"मी खोटं बोललो रे. त्या खोट्यापायी पुसलं नाही मी. हातात मॉप होता माझ्या आणि तरी पुसलं नाही. तुझा पाय, तुझी जागा... मी कसं तोंड दाखवू तुला?"

नव्याने कुबड्या बेंचला टेकवल्या. मग म्हणाला, "तुमचा राग येतो मला, दादा. रोज येतो. सकाळी उठलं की आधी तोच येतो. पण एक सांगू? तो डाग मीही पाहिला होता. खेळ सुरू व्हायच्या आधीच. म्हटलं, मी का पुसू? मी पुसलं तर हरलो असं होईल."

दादा मटकन त्याच्या शेजारी बसला. मी दोघांच्या मध्ये, बेंचला टेकलेला. मग ताई बुटांची पिशवी घेऊन आली आणि नवा कुबड्या टेकत निघून गेला. तो पुन्हा खेळेल की नाही, डॉक्टरही नक्की सांगत नाहीत. "बघू" म्हणतात.

मित्रांनो, मी वस्तू आहे. मला पाय नाहीत, तोंड नाही. डाग दिसला तरी कोणी नेल्याशिवाय मला जाता येत नाही. त्या दिवशी मैदानावर दहा धडधाकट माणसं होती. डाग कितीजणांना दिसला होता, देव जाणे, पण दोघांना नक्की दिसला होता. म्हणून तुमच्याकडे एवढंच मागतो. तुमच्या घरात, शाळेत, जिन्यात कुठे ओलं दिसलं, तर आधी पुसा. कोणी सांडलं, कोणाची पाळी, कोण हरलं, कोण जिंकलं, ते मग सावकाश भांडा. भांडण उशिरा केलं म्हणून कोणाचा गुडघा मोडत नाही, ते थांबू शकतं. तो डाग पुसायला मावशींना बारा सेकंद लागले असते.